आत्ताच आलो

निळं टोक, त्याखाली बोटाच्या पेराएवढी दांडी, आणि दांडी जिथं तुटली होती तिथं पांढरट, खरबरीत… तळहातावर हे एवढंसं पडलेलं होतं आणि त्याला आधी वाटलं की हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, कुठल्या तरी खेळण्यातून निखळलेलं, वाटेत सापडलेलं – टोकावर बारीक आकडे होते, आणि ते आकडे ओळखीचे निघाले. सील. आपल्याच गाडीचं. उजव्या हातात पकड होती. पकड कुणी दिली? कुणी नाही. ती सीटखालच्या पेटीत असते. पेटी आपणच उघडली असणार, खाली उतरलो असणार, चालत मागं आलो असणार, दाराच्या कडीतलं सील पकडीत धरून एकदाच दाबलं असणार – एवढं सगळं झालं, आणि मी कुठं होतो?

त्याने मागं पाहिलं, बाजूला पाहिलं. कुणी पाहत नव्हतं. गोदामाच्या लांबलचक भिंतीला फलाटाला लागून फलाट, प्रत्येक फलाटाला पाठ टेकवून एकेक गाडी, दावणीला जनावरं बांधावीत तशी, फक्त तोंडं उलटीकडे. त्याची गाडी तेवढी फलाटापासून सुटून होती. पाठ टेकवण्याआधी मागची दारं उघडून दोन्ही बाजूंना अडकवावी लागतात, दारं उघडण्याआधी सील तोडावं लागतं, आणि सील – इथं ते ड्रायव्हरने तोडायचं नसतं. इथं कारकून येतो, सीलवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघतो, आपल्या हाताने तोडतो, खिशात टाकतो. आधीच्या नोकरीत हे ड्रायव्हरचंच काम होतं. कितीतरी वर्षं तेच: उतर, तोड, उघड, चढ, गाडी मागं घे. आज हातांनी ती जुनी नोकरी केली. हात इमानी निघाले. डोकं मात्र हजर नव्हतं. डोकं काल पहाटेपासून गेटबाहेरच्या रांगेत होतं, टक्क जागं, कारण या रांगेत डोळा लागला की नंबर गेला. पुढची गाडी जरा सरकली आणि आपण सरकलो नाही तर मागचा हॉर्नसुद्धा न वाजवता वळसा घालून घुसतो, आणि घुसलेल्याशी भांडायला आपण काही…

उभा.

आत सलाइनच्या बाटल्या आहेत. पेट्यांवर पेट्या, जमिनीपासून छतापर्यंत. सील तुटलेलं आलं म्हणजे वाटेत कुणी दार उघडलं, कुणी बाटल्यांत काय मिसळलं कुणास ठाऊक – असं ते म्हणणार, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणता येत नाही, त्याच्या स्वतःच्या शिरेत कुणी ती बाटली लावली असती तर त्यानेही हेच म्हटलं असतं. सगळा माल परत. परत म्हणजे तरी कुठं, नष्टच. आणि मग मालक. मालकाचं एक वाक्य आहे, आरडाओरडा न करता, दात कोरता कोरता म्हटलेलं: सील गेलं की गाडी गेली. गाडी गेली म्हणजे ड्रायव्हरची गेली. गाडी तिथंच असते, दुसरा चढतो. या गाडीवर त्याच्याआधी उंट होता – मान लांब म्हणून उंट – त्याचं असंच एक सील वाटेत तुटलं, कसं तुटलं ते त्यालाही कधी सांगता आलं नाही, आणि आता उंट नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरतो. गाडी तिथून जाते तेव्हा उंट नळी हातात घेऊन उठतो. "या वकीलसाहेब, हवा बघू का?" स्वतःच्या जुन्या गाडीची चाकं उकिडवा बसून थोपटतो, घोड्याचे पाय थोपटावेत तसं. त्या नाक्यावर तो हल्ली हवा भरून घेत नाही. सरळ पुढं काढतो. उंट नळी धरून उभा राहिलेला आरशात दिसतो, लहान होत जातो…

वकील हे त्याला रांगेने दिलेलं नाव. एकदा गेटवरच्या रखवालदाराने सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली होती आणि तो दिवसभर एक शब्द बोलला नव्हता, संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, "वा रे वकील, काय बाजू मांडलीस!" – तेव्हापासून वकील.

फलाटाचं शटर अर्धं खाली होतं. कारकून जेवायला गेला होता. फलाटाच्या कडेला फोर्कलिफ्टवाला आपल्या यंत्रावर पाय पसरून डबा खात होता, इतका रमून की त्याच्या समोर अख्खी गाडी जळाली असती तरी त्याने आधी घास संपवला असता. म्हणजे वेळ होता. त्याला हसू आलं. काल पहाटेपासून वेळच वेळ होता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. आता थोडासा होता आणि…

सील पुन्हा कडीत घालून पाहिलं. बसलं. सोडलं की पडलं. पुन्हा घातलं. पडलं. दोन तुकडे, एक कडीत लटकणारा, एक हातात. एका दाबात तुटलं होतं.

दात.

लेकीचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तिने तो काड्यापेटीत ठेवला होता, बाबा आले की दाखवायचा म्हणून. बाबा कुठं होते? बाबा उभे होते. एका बंदराच्या बाहेर, जहाजावरून माल उतरेना म्हणून, आठवडा उलटून गेला तरी. तो घरी आला तेव्हा तिने काड्यापेटी उघडली, दात तिथंच होता, हरवला नव्हता, पण त्याला हवा होता तो चेहरा – पळत येऊन दाखवण्याचा – तो राहिला नव्हता. "हा ना, जुना झाला आता," ती म्हणाली, आणि ओठ वर करून नवा दात दाखवला. नवा अर्धा वर आलेला. आठवड्यात कुणाचा दात एवढा येतो? की आठवडा नव्हताच, त्याहून किती तरी… मोजून ठेवलं नाही. उभं राहिलेलं कोण मोजतो. चाक फिरलं तेवढं मोजतात.

चाक फिरलं तर पैसा. पहिल्या दिवशी मालकाने हे सांगितलं तेव्हा – खोटं कशाला बोला – तो हरखला होता. जेवढं चालवशील तेवढं तुझं, मालक म्हणाला, मी तुझ्या डोक्यावर घड्याळ घेऊन बसणार नाही. मालक स्वतः ड्रायव्हर होता पूर्वी. खरंच बसला नाही डोक्यावर. आणि तेव्हा रस्ते वाईट होते, पण चाक फिरत होतं. पहाटे निघावं, दिवस बुडेपर्यंत चाक फिरतंय, आणि प्रत्येक मैलाचा दगड म्हणजे जसा कुणी तळहातावर काही ठेवतंय. राजासारखं वाटायचं. मग रस्ते चांगले झाले. रुंद, गुळगुळीत, झोप येईल असे. गाडीने तिथं लवकर पोचायचं आणि मग तिथं उभं राहायचं. भरताना उभं, उतरवताना उभं. हळूहळू फिरणं कमी झालं आणि उभं राहणं वाढलं, आणि भाव मात्र फिरण्याचाच राहिला. एकदा, एकदाच, त्याने मालकाजवळ विषय काढला. मालक चिडला नाही. हात पसरून म्हणाला, "अरे, मला तरी कोण देतं थांबण्याचे? मला दिले तर मी तुला देईन, देवाशपथ." आणि तेही खोटं नसावं. सगळे असे हात पसरून उभे, आणि कुणाच्याच हातात ते नाही. मग ते गेलं कुठं? काल पहाटेपासून आजपर्यंतचा एक अख्खा जिवंत माणूस – तो काही हवेत तर विरला नाही ना… कुणाच्या तरी घरात पडलाच असेल. कुणाच्या तरी गोदामात. छतापर्यंत रचून.

"काय वकील, दाराशी बोलतोयस का?"

बोका. पलीकडच्या फलाटावरचा, गाडीच्या टपावरही झोपू शकणारा, झोपेतही एक कान उभा असणारा म्हणून बोका. त्याने मूठ मिटली. पण बोक्याने कडीत लटकलेला तुकडा पाहिला होता.

"आयला."

त्याने मिटलेली मूठ पाठीमागं नेली.

"तू तोडलंस?"

"हातांनी तोडलं."

"मग काय पायांनी तोडतात?" बोका हसला, मग हसू आवरून जवळ आला. "किती जागा आहेस?"

"कालपासून."

"तुला किती वेळा सांगितलं, डोळे उघडे ठेवून झोपायला शिक. मी शिकलोय. माझी बायको म्हणते, तुम्ही माझ्याकडे बघत होता आणि घोरत होता." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मूठ उघड. हं. सरळ तुटलंय. चिकटतं हे."

"कसं?"

"कसं म्हणजे? चपलेचा अंगठा चिकटतो तसं." बोका आपल्या गाडीकडे गेला आणि गोंदाची बारीक नळी घेऊन आला, चटकन चिकटणाऱ्या, एका थेंबात खुर्चीचा पाय जोडणाऱ्या गोंदाची. "मी दोनदा केलंय. तो येतो, नंबर वाचतो, पकड लावतो, कट. त्याचं लक्ष नंबराकडे असतं, दांडीकडे नाही. हात थरथरू द्यायचा नाही, बस."

ही चोरी आहे का? त्याने स्वतःला विचारलं. बाटल्यांना कुणी हात लावला नव्हता. दार उघडलंच नव्हतं. खरं ते हेच, आणि खरं सांगून कुणाला पटणार नव्हतं, म्हणून खऱ्याला गोंद लावायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने डाव्या हाताच्या अंगठ्यात नि बोटात निळं टोक धरलं, उजव्या हाताने थेंब सोडला. हात थरथरला. थरथरणारच; कालपासून तो स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला होता. थेंब ओघळला, अंगठ्यावर आला, गार लागला, मग गरम. तो तुकडे जुळवून उभा राहिला. बोका तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता.

"सोड आता."

सोडलं. सांधा सुटला. वरचं निळं टोक अंगठ्याला चिकटून वर आलं, आणि खालचा तुकडा पुन्हा लटकला.

"ओढ."

ओढलं. कातडी ताणली गेली, पांढरी पडली. टोक हललं नाही. आकडे सरळ वर, वाचता येतील असे, अंगठ्याच्या पेरावर, जणू अंगठ्याचाच नंबर.

बोका पोट धरून बसला. "अरे वकील," त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, "आता तुला उघडायला कारकून लागणार रे!" मग त्याचा चेहरा पाहून तो उठला, अंगठा हातात घेतला, नखाने खरवडून पाहिलं, थुंकी लावून पाहिली. रक्ताचा एक ठिपका आला, तेवढंच. पलीकडून कुणीतरी शिट्टी वाजवली. बोक्याची गाडी रिकामी झाली होती, ती आता क्षणभरही उभी चालणार नव्हती. "ऐक," बोका जाता जाता म्हणाला, हसणं पार संपलेलं होतं, "पाय धर त्याचे. लाज काय त्यात. उंटाने नाही धरले, म्हणून हवा भरतोय."

बोक्याची गाडी गेली. तिचं चाक फिरलं.

उभा.

फोन वाजला. उजव्या हाताने काढला. बायको. डावा हात आपोआप खिशात गेला, जसं काही फोनमधून तिला दिसणार होतं.

"कुठं आहात?"

"गोदामात. आत्ताच आलो."

तिच्यामागं यंत्रांचा आवाज. ती रुग्णालयाच्या धुलाईत आहे, चादरी धुते, वाळवते, घड्या घालते. ती म्हणाली, "कालही आत्ताच आला होतात."

"हां, म्हणजे… आत. आत आत्ता आलो."

"जेवलात?"

"जेवतो."

"आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"कुणीतरी गळा धरल्यासारखा."

"रेंज नाही इथं."

"रेंजला काय गळा असतो?" ती हसली नाही. "बरं, ऐका, आज गंमतच झाली. मोठं मशीन बंद पडलं सकाळी. मिस्त्री येईपर्यंत आम्ही सगळ्या नुसत्या बसून. एकीने तर वेण्या घातल्या सगळ्यांच्या. आणि ते तासही धरले हो. मला वाटलं कापतील. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, मशीन बंद पडलं त्यात तुमचा काय दोष, तुम्ही तर इथंच होतात ना."

तुम्ही तर इथंच होतात ना.

"चांगलंय," तो म्हणाला.

"तुम्ही आपले बिनपगारी रखवालदार," ती म्हणाली. हा तिचा जुना विनोद. पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा दोघंही खूप हसले होते. "लोकांचा माल राखत बसायचं, आणि वर शिव्या. ठेवते. मशीन लागलं बघा."

यंत्रांच्या आवाजात तिचा आवाज बुडाला. तो फोन कानाला लावून तसाच राहिला. सांगायचं होतं. गाडी जाणार आहे बहुतेक, असं सांगायचं होतं, एवढंच, बाकी काही नाही. तिने काही तोडगा काढावा म्हणून नाही, तर दोघांना माहीत असलेली गोष्ट एकट्याला माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा थोडी हलकी असते म्हणून. पण आत्ताच आलो हेच तोंडात आलं. नेहमी तेच येतं. ते इथलंच आहे, या गोदामाचं. या गोदामाने त्याच्या तोंडात बसवलेलं. इथं कारकून विचारतो, केव्हा आलात? आणि ड्रायव्हरने म्हणायचं असतं, आत्ताच आलो. सगळे म्हणतात. पहिल्या खेपेला कुणीतरी कानात सांगतं. गोदामाने गाडी ठरलेल्या वेळेपलीकडे रखडवली तर माल पाठवणारे गोदामाला दंड लावतात, म्हणून गाडी फलाटाला लागली तीच ती आल्याची वेळ. गेटबाहेरचं सगळं – ते नव्हतंच. कुणी नवखा, तापट, परवा आलो म्हणाला तर कारकून भांडत नाही. फक्त त्याच्या मालात काहीतरी सापडतं. एखादी पेटी चेपलेली, एखादा कागद फाटका. पुढच्या खेपेला त्याचा नंबर येतच नाही. म्हणून सगळे म्हणतात. तोही. खळखळ न करता, किती वर्षं. आणि ते इतकं सवयीचं झालं की घरी आल्यावर लेक विचारायची, बाबा, कधी आलात? – तेव्हाही तो म्हणायचा आत्ताच, मग भले तो सकाळपासून घरात असो. आत्ताच आलेला माणूस. कायम दारात. चपला अजून पायात. ज्याच्या मागे काही नाही, न आदला दिवस, न आदलं वर्ष, जो कुठंही थांबलेलाच नाही, ज्याने कुणाची वाट पाहिलीच नाही… केस तेवढे पांढरे झालेले. ते कसे झाले बुवा, आत्ताच तर आलास?

आणि मी काय करत होतो तिथं? समजा कुणी न्यायाने विचारलं. वकील, सांगा, गेटबाहेर तुम्ही काय काम केलंत? – काही नाही, साहेब. बसलो. – मग कशाचे मागता? – हे खरंच आहे. काहीच केलं नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहिले. ते विझले, लागले, विझले. लघवीला बाटली वापरली, उतरलं की नंबर जातो म्हणून. झोपलो नाही. निघून गेलो नाही. निघून न जाणं हे काम आहे का? काहीच न करणं एवढं जड कसं होतं मग, की खांदे अजून… बोका म्हणतो, आपण झोपतो त्याचे पैसे मागायचे का? पण मी झोपलो नाही! मी तर इथंच होतो ना!

शेवटचं तो मोठ्याने बोलला असावा. फोर्कलिफ्टवाल्याने डब्यातून मान वर करून पाहिलं.

त्याने खिशातून हात काढला. अंगठा सुजला होता, निळ्या टोकाभोवती लाल. दातांनी ओढून पाहिलं. मग पकडीने. पकड टोकावर धरली आणि डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे उंट आला, उकिडवा, चाक थोपटणारा, आणि त्याच्या मनात आलं की आपल्याला तर हवा भरायलाही कुणी ठेवणार नाही, तिथं उंट आधीच आहे – आणि हात थांबला. ओढवेना. तो गाडीच्या मागच्या चाकाला टेकून खाली बसला. चाक अजून कोमट होतं, गेटपासून फलाटापर्यंतच्या तेवढ्याशा फिरण्याने. त्याने चाकाला डोकं लावलं. रडू आलं नाही. रडायलाही आधी कुठून तरी यावं लागतं.

शटर वर गेलं.

कारकून पोरसवदा होता, मापापेक्षा मोठा पिवळा बिनबाह्यांचा कोट, त्यात तो थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखा दिसायचा. उद्धट नव्हता. ड्रायव्हरांना काका म्हणायचा. तो फलाटावरून खाली उतरला, कागद लावलेली पाटी छातीशी धरून, आणि सरळ मागच्या दाराशी गेला. लटकणारा तुकडा त्याने पेनने हलवून पाहिला.

"काका, सील?"

तो उठला. डावा हात खिशात.

"काका, सील कुठंय?"

"आहे."

"कुठं आहे? दाखवा."

हात दाखवून अवलक्षण – बायकोची आई म्हणायची. त्याने हात बाहेर काढला. पुढं केला. अंगठा वर. कारकून वाकून बघत राहिला, मग त्याच्या ओठांच्या कडा थरथरल्या, त्याने त्या आवरल्या, कागदाकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, आणि – हे त्याला विलक्षण वाटलं – अंगठा हलकेच आपल्या बोटांत धरून आकडे वाचले. डॉक्टर नाडी बघतो तसं.

"नंबर तर जुळतोय," कारकून म्हणाला.

"दार उघडलेलं नाही. शपथ. तोडलं आणि लक्षात आलं. झोप झाली नव्हती…"

"हो, ते दिसतंय."

"पोरा, माझी गाडी जाईल."

पोरा. असं तो इथं कुणाला म्हणाला नव्हता कधी. कारकुनाने मागं वळून शटरकडे पाहिलं. आत कुणी नव्हतं, फक्त फोर्कलिफ्टवाला, डबा धुवायला निघालेला.

"काका, घाबरू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नंबर जुळला, संपलं. मी आलो, मी तोडलं. असं लिहितो. मला काय तुमची गाडी घालवून मिळणार आहे?" त्याने पाटीवर पेन टेकवलं. एक खूण केली. मग पेन खालच्या ओळीवर नेलं आणि न बघताच विचारलं, जसं रोज विचारतो, "केव्हा आलात?"

वाचलो. शब्द जिभेवर तयारच होता, नेहमीचा, गुळगुळीत, तो आपोआप निघालाच होता –

कारकुनाने वर पाहिलं. आता तो बघत होता. "काका, सीलचं मी सांभाळतोय ना? मग? आत्ताच आलात ना?"

आणि त्या दुसऱ्यांदा विचारण्यात काहीतरी होतं. एरवी तो दुसऱ्यांदा विचारत नाही. एरवी कुणी सांगतंय की नाही हेही बघत नाही, लिहून मोकळा होतो. आज त्याला उत्तर हवं होतं. आज तो त्याच्या बदल्यात काही देत होता. काय देत होता? सील. म्हणजे आतल्या सगळ्या बाटल्या, छतापर्यंत रचलेल्या, म्हणजे गाडी, मालकाचा राग, उंटाची नळी – एवढं सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात काल पहाटेपासूनचं ते, ते काहीच नसलेलं, लाल दिवे, बाटलीतली लघवी, न लागलेला डोळा. आणि पारडी बरोबर होती. पोरगा देवाणघेवाण करत होता, आणि कुणीही फुकटच्या गोष्टीच्या बदल्यात असं देत नाही… म्हणजे भाव होता. एवढी वर्षं होता. मालकाने हात पसरले, मीही पसरले, आणि त्याला भाव होता, चांगला जबर होता, आणि मी तो रोज दारात उभं राहून, आत्ताच आलो, आत्ताच आलो, करत दुसऱ्याच्या पदरात घालत होतो, वर आभार मानत होतो. दात काड्यापेटीत होता. लेक वाट बघत होती. त्या वाट बघण्याचाही भाव असणार. त्याचाही भाव कुठं तरी कुणाच्या तरी पाटीवर…

"काका?"

म्हण. म्हणून टाक. एक शब्द, आणि गाडी वाचते. संध्याकाळपर्यंत रिकामी होईल, चाक फिरेल. बायकोला फोन करता येईल. नाही म्हणालास तर हाच पोरगा तुकडा उचलून आत जाईल, वाईट वाटून घेत जाईल, आणि मग… मला म्हणायचंच आहे. मी म्हणणारच आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे, वेड्या, आगीतून निघून फुफाट्यात उडी कोण मारतं? तोंड उघडलं होतं. आत हवा गेली. शब्द तिथंच होता आणि त्याच्या मागं दुसरा एक येऊन अडकला होता, ज्याला त्या तोंडाची सवय नव्हती.

"बोला ना काका. मला पुढच्या फलाटावर जायचंय."

कारकुनाने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. अगदी लहानशी हालचाल. पण ती त्याला फार ओळखीची होती. गेटबाहेर रात्रंदिवस तीच हालचाल चाललेली असते, चहाच्या टपरीपाशी, चाकांच्या सावलीत, या पायावरून त्या पायावर. त्याने ती इथं, आतल्या माणसाच्या अंगावर, कधी पाहिली नव्हती.

"थांब," तो म्हणाला.

आवाज आपलाच होता. अंगठ्यात ठणका भरला होता, त्या ठणक्यात आकडे होते. काय बोलणार आहोत हे त्याला माहीत नव्हतं. फलाटावर कुणीतरी कारकुनाला हाक मारली. कारकुनाने तिकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, पेन तसंच आल्याच्या वेळेच्या रिकाम्या जागेवर.

"थांब जरा."